दोन किलो शंभर ग्रॅम

मार्तंडराव बोरीकरांनी एका रविवारी सकाळी वजन कमी करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा प्रभावतीबाईंच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. ज्या माणसाला पोट कमी करा म्हणून सांगता सांगता सत्तावीस वर्षं जीभ झिजली, तो आपण होऊन हे बोलतोय म्हटल्यावर त्यांनी बशीतले अर्धे पोहे पुन्हा कढईत टाकले. मग खुलासा झाला. वजन मार्तंडरावांचं नव्हे, त्यांच्या मोटरसायकलचं कमी होणार होतं. पोहे परत बशीत आले, पण वरचं खोबरं काही आलं नाही.

मार्तंडराव परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. गाडी साडेतीनशे सीसीची, काळी, वजनाला एकशे पंच्याण्णव किलो. पन्नाशीनंतर माणसाला काही ना काही होतंच. कुणाला साखर होते, कुणाला अध्यात्म होतं, मार्तंडरावांना ही गाडी झाली. सगळं सुखात चाललं होतं. पण आषाढात एका गुरुवारी दोघं पाथरीला दर्शनाला गेले आणि मंदिराजवळच्या गल्लीत वळवताना गाडी उभ्या जागी आडवी झाली. वेग शून्य. चालती गाडी पडली तर त्याला अपघात म्हणतात आणि चार लोक हळहळतात. उभी गाडी पडली तर चार लोक हसतात, आणि पाथरीला गुरुवारी, दर्शनाच्या गर्दीत, चारच लोक कुठून असणार?

त्या दिवशी प्रभावतीबाई पाथरीहून जीपनं परत आल्या, आणि पुन्हा गाडीवर बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, नुसत्या बसल्या नाहीत. भाजीला रिक्षा, बँकेत रिक्षा. लग्नाला जायचं तर पुढे मार्तंडराव गाडीवर आणि मागे रिक्षात शालू नेसलेल्या प्रभावतीबाई. चौकात दोघं शेजारी शेजारी थांबत आणि कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय अशा चेहऱ्यानं एकमेकांकडे पाहत. गल्लीत चर्चा सुरू झाली होती. मार्तंडरावांना चर्चेपेक्षा ती मागची रिकामी सीट जास्त लागायची, पण हे बोलून दाखवण्याची सवय त्यांना नव्हती.

त्यांनी एकदा विचारून पाहिलं. "का बसत नाहीस?"

"वाटंना," प्रभावतीबाई म्हणाल्या.

एवढ्या त्रोटक शेऱ्यावर कुठलीच फाइल पुढे सरकत नाही. म्हणून मार्तंडरावांनी स्वतःच कारण शोधलं. गाडी पडली कारण गाडी जड आहे. आपल्यालाच ती पेलली नाही हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला आणि विचारांती वगळला.

"गाडी हलकी केली तर बसशील? दसऱ्याला तुझ्या माहेरी चुडाव्याला जायचंच आहे बापूंकडं. तेव्हा?"

"बघू."

तीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. ही तत्त्वतः मान्यता असते. मार्तंडराव कामाला लागले.

गाडीत हलकं करण्यासारखं काय आहे याचा शोध घेता घेता त्यांना समजलं की जुनी शिशाची बॅटरी तीन किलोंची असते आणि लिथियमची नवी बॅटरी एक किलोच्याही आत. फरक दोन किलो शंभर ग्रॅम. शेजारच्या नागनाथअप्पांना हे कानावर घालणं भाग होतं, कारण ते विजेतले जाणकार. अप्पांनी येलदरीच्या वीजकेंद्रात सव्वीस वर्षं काढली होती. तिथे ते भांडारात होते, म्हणजे बल्ब, फडकी आणि खराटे मोजून देत. पण वीज जिथे तयार होते तिथे माणूस सव्वीस वर्षं बसला की ती थोडीफार अंगात उतरतेच, असं त्यांचं मत होतं.

"मार्तंडराव, वीज म्हंजे पाणीच बगा," अप्पा म्हणाले. "धरण ल्हान केलं तर पाणी ठिवणार कुठं? खामखा नादी लागायलात."

"लिथियम आहे अप्पा. लहान असली तरी मावतं."

"आस्सं," अप्पा म्हणाले. "मग गोष्ट येगळी. पण एक ध्यानात ठिवा, तिला गरमी चालत न्हाई. आमच्या येलदरीला…" आणि पुढची पस्तीस मिनिटं येलदरीला गेली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मार्तंडरावांच्या सचोटीमुळे. या जिल्ह्यात आजवर हजारो लोकांनी गाडीच्या बॅटऱ्या बदलल्या, पण त्यासाठी कुणी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. मार्तंडरावांनी केला. गाड्यांचे कागद जिथे पाहतात त्या कार्यालयात त्यांनी स्वहस्ते पत्र नेऊन दिलं: 'विषय : वाहनातील जुनी बॅटरी काढून वजनाने हलकी बॅटरी बसविणेस परवानगी मिळणेबाबत.' पोच घेतली. पोचेवर शिक्का नीट उठला नव्हता म्हणून तो पुन्हा मारून घेतला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. बॅटरी हलकी करण्यामागील प्रयोजन काय? नोंदणीकृत वजनात फरक पडत असल्यास वजनकाट्याची पावती जोडावी. 'प्रयोजन' या रकान्यात पत्नीला मागे बसविणे असं लिहिणं मार्तंडरावांना प्रशस्त वाटेना. त्यांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि गाडी घेऊन मोंढ्यातल्या वजनकाट्यावर गेले. तिथे पुढे सोयाबीनचे सात ट्रॅक्टर उभे होते. त्यांच्यामागे हेल्मेट घालून मार्तंडराव उभे राहिले. तीन तासांनी नंबर लागला.

"माल काय लिहू?" काटेवाल्यानं विचारलं.

"माल नाही. गाडीच आहे."

"सायब, मशीनमदी चारच नावं हायेत. सोयाबीन, कापूस, तूर अन् भंगार." त्यानं गाडीकडे पाहून चौथ्या नावावर बोट ठेवलंसुद्धा होतं.

मार्तंडराव ताठ झाले. तीन तासांत पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला आणि तूर लिहून घेतली. काटा दहा किलोंच्या टप्प्यानं मोजणारा होता, त्यामुळे दोन किलो शंभर ग्रॅम त्याला दिसणारच नव्हते ही गोष्ट वेगळी. पावती घेऊन ते कार्यालयात गेले, तर खिडकीतल्या लिपिकानं ती उलटीसुलटी पाहिली आणि मालवाहतुकीचं काम पलीकडच्या खिडकीत असल्याचं सांगितलं. शेवटी एका पिकल्या मिशांच्या जुन्या लिपिकानं त्यांना बाजूला घेतलं.

"बोरीकरसायब, तुमी अर्जच कशाला केला? बॅटरीला कोण इचारतंय? पण आता अर्ज आलाय म्हणल्यावर आमाला काही तरी म्हणावं तर लागणारच ना."

मार्तंडरावांना हे पटलं. तेही आयुष्यभर हेच करत आले होते. तो अर्ज अजून तिथेच आहे.

बॅटरी मागवली पुण्यातल्या लेकीनं, अबोलीनं. त्यामुळे ती सोडवण्यासाठी लागणारा आकडा अबोलीच्या मोबाइलवर येई आणि अबोली मीटिंगमध्ये असे. कुरिअरवाल्यांनी खोक्यावरचं आगीचं चित्र पाहून ते दुकानाबाहेर पायरीवर ठेवलं होतं आणि सगळे त्याच्यापासून चार हात लांब बसले होते. तिसऱ्या दिवशी आकडा, अबोली आणि मार्तंडराव एका वेळी जमले आणि खोकं घरी आलं.

त्यात चौदा पानांची माहितीपुस्तिका होती. ती कुणी वाचत नाही, पण मार्तंडरावांनी लाल पेन घेऊन वाचली. नवव्या पानावर लिहिलं होतं की ही बॅटरी तापणाऱ्या भागांपासून दूर असावी. मार्तंडरावांनी गाडीचं उजव्या बाजूचं झाकण काढलं, तर बॅटरीला अगदी खेटून चार्जिंगचा डबा, आणि गाडी चालली की तो तव्यासारखा तापे. त्याच्या वर फ्यूजची पेटी, बाजूला रिले, वायरींचा गुंता. याचा अर्थ उघड होता. नव्या बॅटरीसाठी बाकी सगळ्यांची डाव्या बाजूला बदली करावी लागणार होती.

वसमत रोडच्या आदिनाथ मिस्त्रीनं गाडी पाहिली, पुस्तिका पाहिली आणि हात फडक्याला पुसले.

"सर, खरं सांगू का? एवढं काही लागत न्हाई. मधी एक पत्रा मारू, झालं काम."

"नवव्या पानावर लिहिलंय."

"लिव्हणारा परभणीला आला होता का?"

पण मार्तंडरावांनी बदल्यांचा तक्ता करून आणला होता. कुठली वायर कुठून निघून कुठे रुजू होणार, तिची लांबी किती वाढवायची, सगळं होतं. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीला क्रमांक होता. आदिनाथनं तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि आपल्या मनानं काम सुरू केलं. नवरात्राची गर्दी होती. अष्टमीच्या संध्याकाळी गाडी पूर्ण उघडी झाली, डब्याची, रिलेची आणि पेटीची बदली झाली, वायरी लोंबत राहिल्या.

"बाकीचं उद्या," आदिनाथ म्हणाला.

उद्या खंडेनवमी होती.

सकाळी मार्तंडराव गॅरेजवर पोचले तेव्हा आदिनाथचे सगळे पान्हे, पकडी, स्क्रूड्रायव्हर, झेंडूच्या माळेखाली पाटावर ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाला हळदकुंकू. उदबत्ती जळत होती. आदिनाथ अंघोळ करून, नवा शर्ट घालून, खुर्चीवर काही न करता बसला होता.

"फक्त चार स्क्रू राहिलेत," मार्तंडराव म्हणाले.

"तुमीच सांगा सर, आज पुजेतल्या हत्याराला हात कसा लावू? तुमी तर जाणते."

मार्तंडराव जाणते होते हीच पंचाईत होती. त्यांच्याही घरात एक पक्कड आणि दोन स्क्रूड्रायव्हर होते, आणि ते त्यांनीच पहाटे सोवळ्यानं देव्हाऱ्यासमोर ठेवले होते, सोबत कार्यालयातलं स्टेपलर आणि छिद्रं पाडायचं यंत्र. साऱ्या परभणीत त्या दिवशी एकही पान्हा फिरणार नव्हता. ते गाडीपाशी गेले, लोंबणाऱ्या वायरींच्या चिठ्ठ्या सरळ केल्या आणि परत आले.

दसऱ्याच्या सकाळी प्रभावतीबाईंनी पिशवी भरली. "मी पॅसेंजरनं होते पुढं. वयनी एकट्यानं स्वयंपाक करायल्यात. तुमी गाडी झाली की या."

"आणि येताना?"

"बघू."

दुसऱ्यांदा 'बघू' आलं, म्हणजे प्रस्ताव वरच्या टेबलावर गेला होता. मार्तंडराव हरखून गॅरेजवर गेले. आदिनाथनं पूजा उचलली, नवी बॅटरी बसवली, झाकणं लावली आणि बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली. खरं म्हणजे तिथून परस्पर चुडाव्याला निघायचं होतं.

पण दसऱ्याला गाडीची पूजा केल्याशिवाय गाव सोडायचं कसं? मार्तंडरावांनी गाडी घरी आणली, धुतली, ताट केलं. नागनाथअप्पा नारळ घेऊन हजर झाले. दरवर्षी दिवा, हँडल आणि पुढचं चाक यांची पूजा होई. यंदा मात्र नवी बॅटरी घरात आलेली, तिची पूजा करायची नाही म्हणजे फारच कोरडेपणा झाला असता. मार्तंडरावांनी उजवं झाकण काढलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल खोचलं.

"जेंची बदली केली तेंना बी द्या," अप्पा म्हणाले. "तेंनी काय घोडं मारलंय?"

हेही रास्त होतं. डावं झाकण निघालं. रिलेला कुंकू, पेटीला कुंकू, चार्जिंगच्या डब्याला फूल. अप्पांनी चाकापुढे नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी हातात घेऊन दोन्ही बाजूंना भक्तीनं शिंपडलं. ज्या माणसानं चौदा पानं लाल पेनानं वाचली, तो हे हात जोडून पाहत होता. पुस्तिकेत नारळाच्या पाण्याविषयी काही नव्हतं.

पूर्णा गावापर्यंत गाडी झकास चालली. दोन किलो शंभर ग्रॅम कमी झालेत हे आपल्याला वळणावळणाला जाणवतंय, असं मार्तंडरावांना वाटत होतं. मागच्या सीटवर परतीला प्रभावतीबाई असतील हेही ते मनात बोलून घेत होते. चुडावा किलोमीटरभर राहिला आणि गाडी खोकली, दिवे मंद झाले, बंद पडली. बटण दाबलं तर आतून टिक असा एक आवाज आला, पुढे तोही येईना. मार्तंडराव उतरून ढकलू लागले. गाडी हलकी झाल्याचं ढकलतानाही जाणवायला हवं होतं, पण जाणवलं नाही.

समोरून शेळ्या घेऊन दत्तराव आले. बापूंचं शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं, करणारे हेच. त्यांनी काठी बगलेत मारली आणि मागून हात लावला.

"जावईबापू, एवढी मोठी गाडी, अन् ढकलायलाव?"

"बॅटरी नवी टाकलीय."

"मंग जुनीनं काय केलं व्हतं?"

पुढे घामानं भिजलेले मार्तंडराव, मागे दत्तराव आणि त्यांच्यामागे तेवीस शेळ्या, अशी ती वरात चुडाव्यात शिरली. शेळ्यांना गाडीच्या झेंडूच्या माळेचा वास लागला होता, त्यामुळे त्या अंतर ठेवायला तयार नव्हत्या. बापूंच्या अंगणात पोचेपर्यंत माळेचा दोरा उरला होता. ओट्यावर प्रभावतीबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की काळजीनं हे मार्तंडरावांना कळलं नाही.

बापू म्हणजे प्रभावतीबाईंचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी झाकण काढून आत वाकून पाहिलं. लाल चिखल, तांदूळ, शिजलेला झेंडू.

"मार्तंडराव, ही बॅटरी आहे का म्हसोबा?"

आदिनाथला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, नारळाच्या पाण्याला जरा थांबला आणि मग म्हणाला, "सर, चार्जिंगचा फ्यूज उडालाय. तुमी इथून तिथवर नुसत्या बॅटरीवर गेलात. आता ती संपली. बारा व्होल्टची दुसरी कोणतीबी जोडा अन् या हळूहळू, मंग बघतो."

दत्तराव म्हणाले, "माज्याकडं हाय की. झटका मशिनीची." रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या तारेत विजेचा झटका सोडतात, त्या यंत्राची बॅटरी. "घिऊन जावा, उद्या वापस धाडा. आज रातीला मी अन् कुत्रं राखू." आणि ते शेताकडे निघून गेले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, बापू दोर शोधायला गेले.

अंगणात दोघंच उरले. मार्तंडराव फडक्यानं कुंकू पुसत होते. वर न बघता म्हणाले, "दोन किलो शंभर ग्रॅम हलकी झालीय, खरंच. ही आजची फजिती सोड."

"कुणासाठी केली हलकी?"

"तुझ्यासाठीच की. जड गाडी पडती म्हणून तू बसंनास."

"मी कधी म्हणले जड आहे म्हणून?"

मार्तंडरावांचा हात थांबला.

"पाथरीला पडलो," प्रभावतीबाई ओट्याच्या कडेवर बसत म्हणाल्या, "तेव्हा मी रस्त्यात बसले होते. चप्पल एकीकडं, पिशवी एकीकडं. तुमी आधी गाडी उचलली. मग टाकीला पोचा आला का बघितलं. मग बटण दाबून चालू होती का बघितलं. मला एका अनोळखी बाईनं उठवलं. ती म्हणाली, तुमच्यासोबत कुणी नाही का?"

मार्तंडरावांनी आजवर दीडशे तरी खुलासे लिहिले होते. उशिराचे, गैरहजेरीचे, हरवलेल्या फायलींचे, आणि त्यातला एकही नामंजूर झाला नव्हता. आता मात्र डोळ्यांपुढे ती गल्ली येत होती, आणि त्यात गाडी दिसत होती, टाकी दिसत होती. प्रभावती कुठल्या बाजूला पडली होती हे त्यांना आठवेना. याची त्यांना फार लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

चहा आला.

दत्तरावांची बॅटरी आली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. ती आठ किलोंची होती, डालड्याच्या मोठ्या डब्याएवढी, आणि गाडीत कुठेच बसेना. वायरी ओढून सीटपर्यंत आणता येत होत्या. बापू म्हणाले दोरानं बांधू, दत्तराव म्हणाले खड्ड्यात दणका बसला की वायर निसटंल, कुणीतरी मागं धरूनच बसाया पाहिजे. मग कुणी कुणाकडे पाहिना. मार्तंडरावांनी घसा साफ केला.

"गाडी इथंच राहू द्या बापू. आमी दोघं पॅसेंजरनं जातो."

गाडी सोडून चाललेले मार्तंडराव आजवर कुणी पाहिले नव्हते. प्रभावतीबाईंनी पदर कमरेला खोचला.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "मी धरते."

सोनं दिलं-घेतलं. ऊन उतरायला लागलं तशी गाडी चुडाव्यातून निघाली. पुढे ब्याण्णव किलोंचे मार्तंडराव, मागे प्रभावतीबाई, आणि त्यांच्या मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेली आठ किलोंची बॅटरी. गाडी आजवर एवढी जड कधीच नव्हती. मार्तंडराव वीसच्या वेगानं चालले होते. प्रत्येक खड्ड्याआधी थांबत होते, पाय टेकत होते, मागे वळून पाहत होते. मागून येणारा एक ऊसतोडीचा ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

पूर्णा आली तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही पाय नीट रोवले आणि मान वळवली.

"जड होतंय का?"

"कुणाला विचारायलात? गाडीला का मला?"

"तुला."

"मग न्हाई," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि एक हात बॅटरीवरून काढून त्यांनी मार्तंडरावांच्या खांद्यावर ठेवला.